बॅगेतली बाटली आणि आभाळातली गिधाडं : सोलापूर जिल्ह्यातल्या पशुवैद्यकांना खुलं पत्र

सोलापूर जिल्ह्यातील सर्व पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक, गावोगाव फिरून जनावरांवर उपचार करणारे खासगी डॉक्टर आणि औषध दुकानदार यांस,

सविनय नमस्कार.

मी मोहोळ तालुक्यातला पशुपालक. म्हशी सांभाळतो, ज्वारी करतो आणि सवड मिळाली की नान्नजच्या माळावर पक्षी बघत हिंडतो. हे पत्र गिधाडांबद्दल आहे. पक्ष्यांबद्दलची पत्रं वनखात्याला लिहायची रीत आहे, पण हे पत्र तुम्हालाच लिहिणं मला बरोबर वाटतं. या पक्ष्याचं जगणं-मरणं जंगलात फारसं ठरत नाही. ते आमच्या गोठ्यात ठरतं. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला, मोबाइलच्या उजेडात, तुम्ही बॅगेतून कुठली बाटली काढता त्यावर ठरतं.

आज तिशीच्या आत असलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक पोरांनी गिधाड पाहिलेलं नाही. तुमच्यातल्या तरुण डॉक्टरांनीही कदाचित ते पुस्तकातच पाहिलं असेल. म्हणून आधी ते काय असतं ते सांगतो.

माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात आभाळात ठिपके दिसू लागायचे. गिधाडाला वास फारसा कळत नाही, त्याचं सगळं काम नजरेवर चालतं. एक गिधाड उंचावरून जमिनीकडे बघत असतं आणि कोसभर लांब उडणारं दुसरं त्या पहिल्याकडे बघत असतं. पहिलं खाली झेपावलं की दुसरं वळतं, दुसऱ्याला बघून तिसरं वळतं. असं करत दूरदूरची पाखरं एका बैलावर येऊन उतरायची. उतरताना पाय पुढे सोडलेले, पंख वाऱ्यावर ताणलेले, आणि पिसांतून जाणाऱ्या वाऱ्याचा सूं सूं आवाज शंभर पावलांवरून ऐकू यायचा. पंख पसरले की सहा-सात फुटांचं पाखरू ते! जाड कातडं फाडणं त्यांना जड जातं, म्हणून डोळे, तोंड, शेपटीखालची मऊ जागा इथून सुरुवात. कातडं आधीच काढून नेलेलं असेल तर काम सोपं. मान थेट बरगड्यांच्या आत जायची आणि बाहेर यायची ती रक्ताने माखलेली. त्या मानेवर पिसं का नसतात ते तेव्हा समजायचं. पिसं असती तर त्यात रक्तमांस अडकून कुजलं असतं. उघड्या कातडीवर ऊन पडलं की ते वाळून झडून जातं. फिस्कारणं, पंखांची झटापट, एकमेकांच्या पाठीवर चढणं असा अर्ध्या-पाऊण तासाचा गोंधळ चालायचा आणि मग गळ्याखालची पिशवी टम्म फुगवून ती बाजूच्या बांधावर जाऊन बसायची. मागे उरायचा नुसता सांगाडा. दुसऱ्या दिवशी तिथे ना वास, ना माश्या. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू त्यात मरतात. रोगाची साखळी तिथेच तुटते.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आहेत. आपल्या पट्ट्यात मुख्यतः पांढऱ्या पाठीचं गिधाड आणि लांब चोचीचं गिधाड. पहिलं वड-पिंपळासारख्या उंच झाडांवर घरटं करतं, दुसरं कड्याकपारीत. त्यांच्यासोबत कावळ्याहून बरंच मोठं, पिवळ्या तोंडाचं पांढरं गिधाड, जे आजही जिल्ह्यात कधीतरी नजरेस पडतं. मोठ्या गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते दीड महिना दोघं मिळून उबवतात, पिल्लाला आणखी तीन-चार महिने भरवतात, आणि त्या पिल्लाला स्वतःचं घरटं मांडायला पाच वर्षं लागतात. कोंबडीसारखी यांची संख्या एका हंगामात भरून येत नाही. दर वर्षी थोडीशी जास्तीची मर झाली, तरी जात खाली घसरत जाते. हे हिशेबात धरा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

१९८० च्या दशकात देशात चार कोटी गिधाडं असावीत असा अंदाज सांगितला जातो. नव्वदच्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना घरटी ओस पडलेली आणि झाडांवर मेलेली गिधाडं लटकलेली दिसली. आधी वाटलं, साथीचा रोग असेल. कीटकनाशकांवर संशय गेला. अन्न कमी पडलं म्हणावं, तर ढोरं पूर्वीइतकीच मरत होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. हजार होती तिथे एक उरलं. लांब चोचीची ९७ टक्क्यांच्या आसपास गेली. जगात कुठल्याही पक्ष्याची इतकी झपाट्याने घसरण क्वचितच नोंदली गेली असेल, आणि ती आपल्या डोक्यावरच्या आभाळात झाली. कुणी आरडाओरडा केला नाही. साळुंकी कमी झाली असती तर बायाबापड्यांच्या लवकर ध्यानात आलं असतं.

कारण सापडलं २००४ साली, पाकिस्तानात. लिंडसे ओक्स हे पशुवैद्यक आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं उघडून बघत होते. हा भाग मी मुद्दाम तुमच्यासाठी लिहितोय, कारण तुम्ही शवविच्छेदन करता. पोट उघडलं की यकृतावर, हृदयाच्या वेष्टनावर आणि मूत्रपिंडांवर पांढरा, खडूच्या लगद्यासारखा थर. ते युरिक ॲसिडचे खडे. पक्ष्यांचं मूत्रपिंड नायट्रोजनचा कचरा युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतं. ते बंद पडलं की तो सगळा कचरा आतल्या अवयवांवर साचतो. याला आंतरिक गाऊट म्हणतात. जंतू नाहीत, विषाणू नाहीत, शिसं नाही. मग त्यांनी विचारलं, ही गिधाडं जे खातात त्या जनावरांना काय काय टोचलं जातं? उत्तर निघालं डायक्लोफेनॅक. माणसांच्या सांधेदुखीसाठी वापरलं जाणारं हे औषध स्वस्त झालं आणि नव्वदच्या दशकात जनावरांच्या उपचारात सर्रास आलं. ताप, सूज, दगडी म्हणजे कासेची सूज, लंगडणं, कशावरही एक इंजेक्शन. म्हशीला त्याचा काही त्रास नाही. पण औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत ती म्हैस मेली आणि गिधाडाने तिचं यकृत-मूत्रपिंड खाल्लं, तर बहुतेक दोन-तीन दिवसांतच ते मरतं.

आता एक आकडा सांगतो. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता की गिधाडं ज्या वेगाने नाहीशी होत होती, तो वेग गाठायला शंभरातल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असलं तरी पुरे. आणि २००४-०५ मध्ये देशभरातून मृत जनावरांच्या यकृताचे नमुने तपासले, तेव्हा दहापैकी एका नमुन्यात डायक्लोफेनॅक निघालं. दहा टक्के! सगळ्या जनावरांपैकी दहा टक्क्यांना काही रोज वेदनाशामक दिलं जात नव्हतं. मग एवढं कुठून आलं?

याचं उत्तर तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. जी गाय बरी होते ती माळावर जात नाही. माळावर जाते ती न उठलेली. आणि जी उठत नाही, तिलाच आपण शेवटच्या दिवशी सगळं देऊन बघतो. गोठ्यात जनावर पडून आहे, डोळे पांढरे झालेत, घरातली बाई पदराने तिचं तोंड पुसतेय, म्हातारा म्हणतोय, ‘डॉक्टर, काहीतरी करा, निदान तिला त्रास तरी नको.’ तुम्ही इंजेक्शन देता. दयेपोटीच देता. पहाटे जनावर जातं. म्हणजे ज्या देहात ताजं वेदनाशामक असण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमका तोच देह गिधाडांपुढे येतो. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच. चार कोटी पाखरं कुणाच्या क्रूरपणामुळे गेली नाहीत. आपल्या माणुसकीतून, चुकीच्या बाटलीतून गेली.

म्हणूनच इंजेक्शन देऊ नका असं मी म्हणत नाही. जनावराला वेदना झाल्या तर मलाही बघवत नाही. मी म्हणतोय, मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक द्या. २००६ सालीच गिधाडांवर प्रयोग करून ते सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं आहे. नंतर टोल्फेनॅमिक ॲसिडही सुरक्षित ठरलं. दोन्ही बाजारात मिळतात, दोन्ही जनावरांना लागू पडतात. आमच्यातले काही पशुपालक म्हणतात, मेलोक्सिकॅम सावकाश चढतं, ‘ते गरम औषध’ पटकन उभं करतं. अशा वेळी पशुपालकाला समजावणं हे तुमचं काम आहे, आणि तुमच्या शब्दाला गोठ्यात जे वजन आहे ते सरकारी परिपत्रकाला नाही.

कायदा कुठवर आलाय तेही एकदा नीट मांडतो, कारण दुकानात बोललं की वेगवेगळी उत्तरं मिळतात. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ मध्ये बंद झालं. मग लोकांनी पळवाट काढली. माणसांसाठीच्या तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या मेडिकलमधून आणायच्या आणि म्हशीला टोचायच्या. बंदीनंतर काही वर्षांनी संशोधक साधे गिऱ्हाईक बनून निरनिराळ्या राज्यांतल्या दुकानांत गेले, तेव्हा जनावरासाठी म्हणून मागितल्यावरही ती बाटली अनेक ठिकाणी हातात पडली. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतं मर्यादित केलं. म्हशीला पुरेल एवढं औषध जमवायचं तर ढीगभर कुप्या फोडाव्या लागाव्यात, हा त्यामागचा हेतू. ॲसिक्लोफेनॅक नाव वेगळं असलं तरी जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. केटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. या दोन्हींवर जुलै २०२३ मध्ये बंदी आली. निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ च्या अखेरीला आली. म्हणजे पहिल्या बंदीपासून चौथ्या औषधापर्यंत पोचायला अठरा वर्षं लागली. प्रत्येक वेळी एक औषध बंद झालं की दुसरं त्याच्या जागी येऊन बसलं. फ्लुनिक्सिन या आणखी एका वेदनाशामकाबद्दलही चांगली बातमी नाही. स्पेनमध्ये एका मेलेल्या ग्रिफन गिधाडाच्या शरीरात ते सापडलं होतं, आणि तिथेही आंतरिक गाऊटच होता. त्यावर सरकारची अधिसूचना निघायची वाट तुम्ही पाहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, आणि मला तोंडावर म्हटलंही आहे, की सोलापुरात गिधाडं आहेतच कुठे? जो पक्षीच नाही, त्याच्यासाठी आम्ही औषधं का बदलायची?

गिधाडाला तालुका नसतो. हरयाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात जन्मलेली पांढऱ्या पाठीची गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये ताडोब्यात आणली. काही महिने पिंजऱ्यात सवय करून मग पाठीवर यंत्र लावून त्यांना सोडलं. त्यातलं एक फिरत फिरत थेट तामिळनाडूत पोचलं. चंद्रपूर ते तामिळनाडू हा प्रवास ज्याला जमतो, त्याला बार्शी-करमाळा ते कितीसं? सह्याद्रीच्या पट्ट्यात नाशिक-रायगडकडे लांब चोचीची आणि पांढऱ्या पाठीची थोडी गिधाडं अजून तग धरून आहेत. तिकडे कर्नाटकात रामनगरच्या टेकड्यांवर २०१२ पासून गिधाडांसाठी राखीव अभयारण्य आहे. या दोन टोकांच्या मध्ये आपलं सोलापूर, विजयपूर, कलबुर्गीचं पठार पसरलंय. उघडा माळ, भरपूर जनावरं, ऊन तापलं की वर चढणारी गरम हवा. गिधाडाला उडायला याहून चांगला मुलूख कुठला? एखादं तरुण गिधाड इथे भरकटत आलं, सीनेच्या काठावर एक मेलेली गाय दिसली म्हणून उतरलं, आणि त्या गाईला आदल्या दिवशी चुकीचं इंजेक्शन दिलेलं असलं, तर पिंजोरमधली वीस वर्षांची मेहनत एका जेवणात संपली. गिधाड एकटं जेवत नाही हेही लक्षात घ्या. एक उतरलं की मागोमाग बाकीची उतरतात, आणि एका देहावर अख्खा थवा जातो.

गिधाडं परत यावीत म्हणून संशोधक ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ आखतात. एका केंद्राभोवती शंभर किलोमीटरच्या त्रिज्येत ही औषधं वापरातून पूर्ण हद्दपार करायची. सोलापूर शहर केंद्र धरून असं वर्तुळ काढून बघा. धाराशिव आत येतं, पंढरपूर-मंगळवेढा-सांगोला आत येतात, अक्कलकोट ओलांडून कर्नाटकाचा मोठा भाग आत येतो. ज्या भागात गिधाडं आज नाहीत, तिथे हे काम करणं सोपं आहे, कारण घाई नाही. ती यायच्या आधी घर झाडून ठेवायचं आहे.

आणि गिधाडं नसल्याची किंमत आपण आजही मोजतोय. मेलेलं जनावर आता कुठे जातं? ऐपत असेल तो जेसीबी बोलावून पुरतो. बाकीचे ओढ्यात, कॅनॉलच्या भरावावर, हायवेच्या कडेला टाकतात. तिथे कुत्र्यांची टोळी जमते. कुत्रं आठ दिवस त्याच देहावर जगतं, तिथेच पिल्लं वाढवतं, आणि गिधाड जसं सगळं साफ करून जातं तसं ते करत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की गिधाडं गेल्यावर १९९२ ते २००६ या काळात देशात कुत्री सुमारे पंचावन्न लाखांनी जास्त झाली, आणि त्यामुळे पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्याने ४७ हजारांहून जास्त माणसं जास्तीची दगावली. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडं भरपूर असलेले जिल्हे आणि कमी असलेले जिल्हे यांची तुलना केली. गिधाडं गेल्यावर पहिल्या गटातला माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू. कारण रेबीज आणि सडक्या देहांनी नासलेलं पाणी. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. पाच लाख माणसं.

नान्नजच्या माळावर या कुत्र्यांचा त्रास मी स्वतः बघतो. काळविटाचं नवजात पिल्लू गवतात दडून बसलेलं असतं, ते यांना सापडतं. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचं तर विचारूच नका. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे नवल. लांडगा अजून आहे, पण गावकुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग त्याच्यापर्यंत पोचू शकतात. पुण्याच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून पुढे आलंय. या सगळ्याचं खापर एकट्या डायक्लोफेनॅकवर फोडणं बरोबर होणार नाही. पण माळावरची एक मोठी जागा रिकामी झाली आणि ती कुत्र्यांनी घेतली, एवढं खरं.

एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. जुन्या काळी गिधाडं भरपूर होती असं सांगताना लोक त्या काळाची हळहळ करतात. त्या काळी मेलेली ढोरं गावाबाहेर ओढून कोण नेत होतं? ते काम जातीने लादलेलं होतं. नकार दिला तर बहिष्कार. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडा, मृतमांस सोडा. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतनं संपली. ते काम थांबलं हे योग्यच झालं, आणि गिधाडांच्या प्रेमापोटी ती व्यवस्था परत यावी असं कुणाच्या मनातही येऊ नये. जनावर उचलायचं तर ट्रॉली आहे, क्रेन आहे. ग्रामपंचायतीने रीतसर मजुरी देऊन, हातमोजे-गमबूट देऊन, ज्याला ते काम करायचंय त्याच्याकडून ते करून घ्यावं. तुम्ही शासनाच्या बैठकांना बसता, म्हणून हे तुमच्या कानावर घालतो.

आपल्याकडे गिधाडाला मान होता आणि भीतीही होती. घराच्या आढ्यावर गिधाड बसलं की अशुभ मानायचे. शनीच्या चित्रात त्याच्या वाहनाच्या जागी कावळा नाहीतर गिधाड असतं, आणि शनिवारी तेल वाहणारे आपण त्या पाखराकडे बघत नाही. पण त्याच आपल्या घरांत जटायूची गोष्ट सांगितली जाते. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला अडवणारा एकटा म्हातारा जटायू. पंख कापले गेले, तरी रामाला सांगायचं ते सांगून मग प्राण सोडला. रामाने त्याचे अंत्यसंस्कार केले, वडिलांचे करावेत तसे. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला लोक आजही जातात, जटायू तिथे पडला आणि रामाने त्याच्यासाठी सगळ्या तीर्थांचं पाणी तिथे आणलं अशी श्रद्धा आहे. आजच्या इराकमधल्या सुमेरमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या विजयशिळेवर शत्रूंची मुंडकी घेऊन उडणारी गिधाडं कोरली आहेत. इजिप्तच्या राजांच्या मुकुटावर गिधाडाच्या रूपातली नेखबेत देवी होती. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी बांधव शेकडो वर्षं आपले मृतदेह या पाखरांच्या स्वाधीन करत आले. गिधाडं गेल्यावर त्यांना दख्म्यांवर, म्हणजे मृतदेह ठेवायच्या गोल मनोऱ्यांवर, सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. एका औषधाने एका समाजाचा अंत्यविधीच अडवून धरला.

नेपाळचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं, कारण ती माणसं आपल्यासारखीच आहेत. त्यांनी २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं, आणि नवलपरासी जिल्ह्यातल्या पिठौली गावाने गिधाडांसाठी एक जागा उभी केली. तिचं नाव जटायू रेस्टॉरंट. कामातून गेलेल्या म्हाताऱ्या गाई तिथे आणतात, मरेपर्यंत सांभाळतात, आणि वेदनाशामक न देता नैसर्गिक मरण आलं की तो देह गिधाडांपुढे ठेवतात. दुकानदारांनी बाटल्या परत केल्या, पशुतंत्रज्ञांनी गावोगाव सांगितलं. काही वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तिथे सावरायला लागली. पांजरपोळ आपल्याकडेही आहेत. पण सोलापुरात लगेच असं उपाहारगृह काढू नये असं माझं मत आहे. औषधं स्वच्छ झाली नसताना गिधाडांना जेवायला बोलावणं म्हणजे त्यांना विष वाढणं. आधी बाटल्या, मग माळ.

तुमच्याकडून मला काय हवं ते सांगतो. तुमच्या दवाखान्यात, बॅगेत, मोटारसायकलच्या डिक्कीत डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, निमेसुलाइड यांतलं काही शिल्लक असेल तर ते आजच बाजूला काढा. स्वस्तात घेतलेला साठा संपेपर्यंत थांबू नका. फ्लुनिक्सिन टाळा. दुकानदार मित्रांनो, कुणी म्हशीसाठी म्हणून माणसांच्या तीन मिलिलिटरच्या कुप्या ढिगाने मागितल्या तर देऊ नका, त्याला डॉक्टरांकडे पाठवा. डॉक्टर, तुम्ही जे टोचलं त्याचं नाव पशुपालकाच्या वहीत लिहून द्या. बहुतेक वेळा आम्हाला फक्त एवढंच कळतं की ‘पिवळं नि पांढरं, दोन इंजेक्शनं दिली’. नाव लिहिलेलं असलं की जनावर दगावल्यावर काय करायचं ते ठरवता येतं. औषध दिलेलं जनावर आठवड्याच्या आत मेलं, तर ते पुरायचंच, उघड्यावर टाकायचं नाही, हे तिथल्या तिथे सांगा. फाशी (अँथ्रॅक्स), रेबीज किंवा विषबाधेचा संशय असलेला देह तर कुणी उघडूही नये, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. लम्पीच्या साथीत तुम्ही खड्डा, चुना, अंतर हे सगळं गावोगाव समजावून सांगितलंत आणि लोकांनी ऐकलं. त्या दिवसांत तुम्ही रात्रंदिवस राबलात ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच हेही तुमच्याकडून होईल याची मला खात्री आहे.

पंढरपुरी म्हैस आणि खिल्लार ज्या जिल्ह्याने जपले, त्या जिल्ह्याच्या डॉक्टरांना जनावराची किंमत शिकवावी लागत नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, सांगोल्याला आठवड्याचा बाजार भरतो, कार्तिकीला पंढरपुरात भरतो. तिथे शेतकरीही असतात, व्यापारीही, आणि औषधांची दुकानंही थाटलेली असतात. प्रत्येक बाजारात एक फलक लावूया. वापरायच्या दोन औषधांची नावं वर, न वापरायच्या औषधांची नावं खाली, मोठ्या अक्षरात. मजकूर मी मराठीत लिहून देतो. अक्कलकोटचा एक मित्र कानडीत करून देईल, कारण पलीकडून येणारी जनावरं नि माणसं कमी नाहीत. फलकाचा आणि रंगाचा खर्च आमचा दूधगट करेल. तुम्ही फक्त नावं आणि मात्रा तपासून द्या, खाली तुमच्या संघटनेचं नाव लिहायची परवानगी द्या, आणि पहिल्या दिवशी तासभर बाजारात उभे राहा. सांगोल्याच्या बाजारापासून सुरुवात करायला आम्ही तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक पशुपालक
मोहोळ तालुका, जि. सोलापूर